पहिले दोन मिलिसेकंद

पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पॅनेलचे दार उघडले की आत कॉन्टॅक्टरांची एक रांग दिसते. मोटारीच्या स्टार्टरमध्ये असतात तसेच ते वाटतात: तशीच कॉइल, तसेच तीन पोल, ओढले जाताना तसाच खट् आवाज. नीट पाहिले तर प्रत्येकाच्या माथ्यावर एक जादा ठोकळा बसवलेला असतो आणि त्यातून निघालेली तारेची वेटोळी मुख्य टर्मिनलांना जोडलेली असतात. हा कॅपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टर. तेवढ्याच अँपिअरच्या साध्या कॉन्टॅक्टरपेक्षा तो महाग पडतो, म्हणून खरेदी करणारा माणूस रास्त प्रश्न विचारतो: करंट तेवढाच आहे, तर साधा का चालणार नाही? या प्रश्नाला ‘कंपनी सांगते म्हणून’ यापलीकडचे उत्तर मराठीत सलग वाचायला मिळावे, या इच्छेतून हे पुस्तक लिहिले.

उत्तराचा गाभा थोडक्यात असा. मोटारीच्या कॉन्टॅक्टरचा कस सर्किट तोडताना लागतो. कॅपॅसिटरच्या कॉन्टॅक्टरचा कस सर्किट जोडताना लागतो, आणि तोही पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत. पाटीवर छापलेला अँपिअरचा आकडा त्यानंतरच्या शांत काळाविषयी सांगतो. ज्या क्षणी कॉन्टॅक्ट चिकटतात त्या क्षणाविषयी तो काहीच सांगत नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणांत हाच धागा आहे.

ज्यांनी हा विषय पहिल्यांदाच हाती घेतला आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मोटार असो वा ट्रान्सफॉर्मर, आतले चुंबकीय क्षेत्र उभे करायला काही करंट लागतो. तो काम करत नाही, दर सायकलला जातो आणि परत येतो, पण तारा, ट्रान्सफॉर्मर आणि मीटर यांच्यावर त्याचा भार पडतोच. २०० किलोवॉट काम ०.८० पॉवर फॅक्टरवर करायला २५० केव्हीए घ्यावे लागतात. तेच काम ०.९८ वर सुमारे २०४ केव्हीएमध्ये होते. मधली तफावत भरून काढायला जवळपास ११० केव्हीएआरचे कॅपॅसिटर लागतात. हा चुंबकीय करंट कॅपॅसिटर तिथल्या तिथे पुरवतो, त्यामुळे तो लांबून आणावा लागत नाही. भार दिवसभर कमीजास्त होत असल्याने हे ११० केव्हीएआर एकाच गठ्ठ्यात न ठेवता लहान-मोठ्या स्टेपमध्ये विभागतात. रिले गरजेप्रमाणे एकेक स्टेप आत घेतो, बाहेर काढतो. हे आत-बाहेर करण्याचे काम कॉन्टॅक्टरचे.

साधा कॉन्टॅक्टर मोटारीसाठी घडला. आयईसी ६०९४७-४-१ या मानकात (आपल्याकडे आयएस/आयईसी म्हणून तेच लागू आहे) कॉन्टॅक्टरचे वापरानुसार वर्ग पाडले आहेत. एसी-१ म्हणजे हीटरसारखा साधा भार. एसी-३ म्हणजे स्क्विरल केज मोटार: सुरू करताना सहापट करंट जोडायचा, चालू असताना नेहमीचा करंट तोडायचा. एसी-४ मध्ये मोटार झटके देत चालवायची, उलटी फिरवायची, म्हणजे सुरुवातीचाच मोठा करंट तोडायचा. या वर्गांत मोठी चिंता असते ती ठिणगीची. मोटारीच्या गुंडाळीत इंडक्टन्स असतो. तो करंटला अचानक वाढू देत नाही आणि अचानक थांबूही देत नाही. जोडताना हीच गोष्ट कॉन्टॅक्टरच्या पथ्यावर पडते. तोडताना तीच अंगावर येते: कॉन्टॅक्ट दूर जातात तरी करंट हवेतून वाहत राहतो. म्हणून आर्क शूट, त्यातल्या लोखंडी पट्ट्या, दोन ठिकाणी एकाच वेळी तुटणारे पोल, ही सारी रचना आर्क विझवण्यासाठी आहे. कॅपॅसिटरसाठी याच मानकात वेगळा वर्ग आहे, एसी-६बी. दोन वर्षे पॅनेल जोडणाऱ्या पुष्कळ मुलांना एसी-३ तोंडपाठ असते, एसी-६बी हे नाव मात्र त्यांनी ऐकलेले नसते. या पुस्तकाने एवढी एक गोष्ट जरी बदलली तरी मला समाधान वाटेल.

रिकाम्या कॅपॅसिटरच्या टोकांवर व्होल्टेज शून्य असते, म्हणून जोडण्याच्या क्षणी तो पुरवठ्याला जवळजवळ शॉर्टसारखाच दिसतो. त्या क्षणी करंट किती वाढेल हे कॅपॅसिटर ठरवत नाही. वाटेतल्या तारा, बसबार आणि ट्रान्सफॉर्मर यांचा तुटपुंजा इंडक्टन्स ठरवतो. आकडेच घेऊ. ४१५ व्होल्टवर २५ केव्हीएआरची एक स्टेप चालू असताना सुमारे ३५ अँपिअर घेते. ६३० केव्हीएचा, ५ टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर धरला आणि पॅनेलमध्ये दुसरी कोणतीही स्टेप चालू नसली, तर ही स्टेप जोडताना करंटचे शिखर ११०० अँपिअरच्या आसपास जाते. म्हणजे साधारण तीसपट. आता अशाच पाच स्टेप आधीच चालू आहेत असे समजा. सहावी जोडली की तिला ट्रान्सफॉर्मरची वाट पाहावी लागत नाही. शेजारचे पाच भरलेले कॅपॅसिटर हातभर तारेच्या अंतरावर असतात आणि ते आपला साठा तिच्यात रिकामा करतात. भरलेल्या टाक्या रिकाम्या टाकीला आखूड, रुंद नळाने जोडाव्यात तसे हे. वाटेतला इंडक्टन्स २.४ मायक्रोहेन्री धरला तर हिशेबाने शिखर ४३०० अँपिअरच्या घरात जाते, नेहमीच्या करंटच्या सव्वाशे पट, आणि हा करंट ५० हर्ट्झचा नसून सुमारे पाच हजार हर्ट्झचा असतो. काही मिलिसेकंदांत सगळे शांत होते. क्लॅम्प मीटरला यातले काहीही दिसत नाही. तो ३५ अँपिअर दाखवत राहतो.

या थोड्या वेळात कॉन्टॅक्टरच्या आत काय चालते ते पाहिले की फरक आपोआप उमगतो. कोणताही कॉन्टॅक्ट एकदा आपटून स्थिर होत नाही, तो उसळतो. स्प्रिंगच्या दाबाखाली एक-दोन मिलिसेकंद त्याची उसळी चालते. मोटारीच्या बाबतीत तोवर करंट फारसा वाढलेला नसतो. कॅपॅसिटरच्या बाबतीत मात्र उसळी आणि करंटचे शिखर एकाच वेळी येतात. टोके जेमतेम टेकलेली असतात, स्पर्शाची जागा टाचणीच्या टोकाएवढी, आणि तिच्यातून हजारो अँपिअर जातात. तिथली चांदी वितळते. कॉन्टॅक्ट पुन्हा आपटतो तो वितळलेल्या धातूवर, आणि तो थंड होतो तेव्हा वेल्ड झालेला असतो. कॉइलचा पुरवठा गेल्यावर स्प्रिंगने तो तोडला तर ठीक; टोक थोडे खडबडीत होते आणि पुढच्या वेळी अधिक सहज चिकटते. एक दिवस ते सुटतच नाही.

नुकसान कॉन्टॅक्टरपुरते थांबत नाही. आजचा कॅपॅसिटर म्हणजे अतिशय पातळ धातूचा थर दिलेली प्लॅस्टिकची फिल्म. तिच्या गुंडाळीच्या दोन्ही कडांवर धातूचा फवारा मारून जोड घेतलेला असतो. प्रत्येक धक्क्याला या जोडावर ताण येतो, तो थोडा थोडा सुटत जातो आणि स्टेपचे केव्हीएआर कमी होत जातात. ‘कॅपॅसिटर बारा महिन्यांत बसला’ अशी तक्रार येते तेव्हा दोष हार्मोनिक्सवर किंवा मालावर टाकला जातो. तो कॉन्टॅक्टरचाही असू शकतो, हे तपासले जात नाही.

कॅपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टर यावर जो उपाय करतो तो मला यंत्ररचनेतल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो, कारण त्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही, नुसते अंतर आणि वेळ आहे. माथ्यावरच्या ठोकळ्यातले सहायक कॉन्टॅक्ट मुख्य कॉन्टॅक्टच्या काही मिलिसेकंद आधी जुळतात. त्यांच्याशी मालिकेत ती वेटोळी असतात, रेझिस्टन्सच्या तारेची. कॅपॅसिटर आधी या तारांतून भरतो; धक्का तारेत उष्णतेच्या रूपाने जिरतो. मग मुख्य कॉन्टॅक्ट जुळतात तेव्हा त्यांना फारसे काही सोसायला उरत नाही, आणि पुढचा करंट तेच वाहतात. काही रचनांत मुख्य कॉन्टॅक्ट जुळल्यावर सहायक कॉन्टॅक्ट पुन्हा सुटून तारा सर्किटबाहेर जातात, काहींत त्या समांतर राहतात. कॉन्टॅक्टच्या मिश्रधातूतही फरक असतो: चिकटण्याला दाद न देणारे चांदी आणि टिन ऑक्साइडचे मिश्रण इथे पसंत केले जाते. पूर्वी चांदी-कॅडमियम ऑक्साइड सर्रास असे. कॅडमियमच्या विषारीपणामुळे आणि २००६ पासून युरोपात लागू झालेल्या निर्बंधांनंतर उत्पादक त्याच्यापासून दूर होत गेले.

या रचनेची एक दुबळी बाजू सुरुवातीलाच सांगतो. त्या तारा काही मिलिसेकंदांसाठीच बनवलेल्या असतात. कॉइलला व्होल्टेज कमी पडले, कॉन्टॅक्टर अर्धवट ओढला गेला किंवा घरघरत राहिला, तर मुख्य कॉन्टॅक्ट नीट जुळत नाहीत आणि सगळा करंट तारांतून वाहतो. तारा काळ्या पडलेल्या, ठोकळा वितळलेला दिसला तर आधी कंट्रोल सप्लाय मोजा. नुसता कॉन्टॅक्टर बदलून तोच प्रकार पुन्हा होईल.

हा प्रश्न मुळात इतका तीव्र कसा झाला, याला इतिहास आहे. पॉवर फॅक्टर सुधारण्याचे काम सुरुवातीच्या काळात सिंक्रोनस यंत्रे करत. मग तेलात भिजवलेल्या कागदाचे कॅपॅसिटर आले, पुढे तेलाच्या जागी पीसीबी हे रसायन आले, आणि त्याचे आरोग्यावरचे दुष्परिणाम कळल्यावर १९७०च्या दशकात ते मागे पडू लागले. पॉलिप्रोपिलीनच्या फिल्मने कागदाची जागा घेतली. आतली हानी दर केव्हीएआरला काही वॉटवरून अर्ध्या वॉटच्याही खाली आली, आकार लहान झाला. हे सगळे चांगलेच झाले. पण हानी कमी म्हणजे अंगचा रेझिस्टन्स कमी, आणि आकार लहान म्हणजे जोडण्याच्या तारा आखूड. धक्क्याला आवर घालणाऱ्या दोन्ही गोष्टी घटल्या. त्याच काळात कॅपॅसिटर जोडण्याची पद्धतही बदलत होती. पूर्वी तो थेट मोटारीच्या टर्मिनलांवर बसे आणि मोटारीबरोबर चालू-बंद होई. शेतीपंपांना कॅपॅसिटर बसवा असे महावितरण आजही सांगते, ती हीच पद्धत. शेजारी दुसरा भरलेला कॅपॅसिटर नसल्याने तिथे धक्का माफक राहतो. कारखान्यांत मात्र ऑटोमॅटिक पॅनेल आले, डझनभर स्टेप एकाच बसबारवर वितभर अंतराने बसल्या, आणि एका स्टेपचा धक्का शेजारच्या सगळ्या स्टेप मिळून देऊ लागल्या.

यावर उपाय शोधणाऱ्यांच्या काही वेगवेगळ्या वाटा झाल्या. पहिली वाट साध्या कॉन्टॅक्टरचीच, फक्त मोठ्या मापाच्या. एकटी स्टेप असेल तर ती चालते. अनेक स्टेपच्या पॅनेलमध्ये तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. दुसरी वाट जुन्या पॅनेलवाल्यांची: कॉन्टॅक्टर आणि कॅपॅसिटर यांच्यामधल्या केबलचे चार-पाच वेढे घालून ठेवायचे. मीटरभर तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री, गुंडाळली की त्याहून बराच जास्त. काही मायक्रोहेन्रींनी सव्वाशे पटीचा धक्का निम्म्यावर येतो. पॅनेल नीटनेटके दिसावे म्हणून कुणी ते वेढे कापून टाकतो तेव्हा तो एक सुटा भागच काढून टाकत असतो. तिसरी वाट आधी जुळणाऱ्या रेझिस्टन्सची, जिच्यामुळे शिखर उत्पादकांच्या कागदांवर साठपटीच्या आत येते.

चौथी वाट वेगळ्याच कारणासाठी निघाली. ड्राइव्ह, यूपीएस, इंडक्शन फर्नेस यांच्या हार्मोनिक्समुळे कॅपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात रेझोनन्स होऊ नये म्हणून प्रत्येक स्टेपला डीट्यून्ड रिअॅक्टर लावतात. ७ टक्क्यांच्या रिअॅक्टरने स्टेपची स्वतःची फ्रीक्वेन्सी १८९ हर्ट्झवर येते, पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झखाली. पण २५ केव्हीएआरच्या स्टेपला असा रिअॅक्टर दीड मिलिहेन्रीचा असतो. दोन-अडीच मायक्रोहेन्रीच्या तारांपुढे तो डोंगर आहे. हिशेबाने शिखर दोनशे अँपिअरच्याही आत राहते, पाच-सहा पट, म्हणजे मोटारीइतकेच. अशा पॅनेलमध्ये योग्य मापाचा साधा कॉन्टॅक्टर पुरतो आणि रेझिस्टन्सवाल्याचा आग्रह धरायचे कारण उरत नाही. कॅपॅसिटर म्हटले की कॅपॅसिटर ड्यूटीच हवा, असे ज्यांनी पाठ केले आहे त्यांना हे खटकेल, पण धक्का कुठून येतो हे समजले की हा अपवाद नियमातूनच निघतो. रिअॅक्टरमुळे कॅपॅसिटरवरचे व्होल्टेज मात्र ४१५ वरून ४४६ पर्यंत चढते, तेव्हा कॅपॅसिटर त्या बेताने निवडावा लागतो.

पाचवी वाट थायरिस्टरची. तो व्होल्टेज जुळलेल्या क्षणीच जोडतो, त्यामुळे धक्का नाही, झीज नाही, आवाज नाही, आणि एखाद-दुसऱ्या सायकलमध्ये काम होते. स्पॉट वेल्डिंगसारखा क्षणाक्षणाला बदलणारा भार असेल तिथे कॉन्टॅक्टरने भागत नाही. पण तो सतत उष्णता टाकतो, पंखा आणि हीटसिंक मागतो, आणि किंमतही. कॅपॅसिटरच्या स्टेपच न वापरता इलेक्ट्रॉनिक्सने केव्हीएआर पुरवणारी यंत्रेही आता येत आहेत. त्यांची ओळख पुस्तकात आहे, पण ओळखीपुरतीच.

विषय आज महत्त्वाचा का, याचे उत्तर विजेच्या बिलात आहे. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर निघू लागले. त्याआधी महिन्याची सरासरी सांभाळली की दंड टळे आणि सवलतही मिळे. आता प्रत्येक केव्हीएएचचे पैसे लागतात, आणि कॅपॅसिटर जास्त झाल्याने पॉवर फॅक्टर लीडिंग गेला तरी बिल वाढते. मग रिले अधिक बारकाईने चालवले जातात, लहान स्टेप घेतल्या जातात, आणि कॉन्टॅक्टरच्या उठाठेवी वाढतात. एखादी स्टेप दर पाच मिनिटांनी एकदा आत येत असेल तर दोन पाळ्यांत १९२ वेळा, तीनशे दिवसांच्या वर्षात सत्तावन्न हजार वेळा. विशेष कॉन्टॅक्टरचे विद्युत आयुष्यदेखील एक ते तीन लाखांच्या दरम्यान सांगितले जाते. साध्या कॉन्टॅक्टरच्या पत्रकावर लिहिलेला कोटीचा आकडा यांत्रिक आयुष्याचा असतो, भाराशिवायचा. तो पाहून फसू नये.

पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: पॅनेल बांधणारे, पॅनेल सांभाळणारे, आणि आयटीआय किंवा डिप्लोमाला शिकणारे. गणित आले तिथे ते पूर्ण मांडले आहे, पण वर्गमुळापलीकडे गेलेले नाही. निवडीचा हिशेब कॅपॅसिटरच्या करंटपासून सुरू होतो आणि तिथेच संपत नाही: मानक ३० टक्के जादा करंट सोसण्याची मुभा देते, कॅपॅसिटन्समध्ये टॉलरन्स असतो, म्हणून ३५ अँपिअरच्या स्टेपला मार्ग जवळपास ५० अँपिअरचा लागतो. केबल, फ्यूज आणि कॉन्टॅक्टर तिन्ही याच आकड्यावर तपासायचे. कोणत्याही एका कंपनीची तक्ते-सूची इथे छापलेली नाही. ती दर काही वर्षांनी बदलते, आणि तक्ता वाचता येणे हे तक्ता हाताशी असण्यापेक्षा उपयोगी आहे. ३.३ ते ११ केव्हीच्या बँका, त्यांचे व्हॅक्यूम कॉन्टॅक्टर आणि धक्का आवरणारे ०.२ टक्क्यांचे सिरीज रिअॅक्टर यांना स्वतंत्र पुस्तक हवे, म्हणून ते बाजूला ठेवले आहेत.

एका विषयाला मात्र मी मुद्दाम जास्त पाने दिली आहेत: बाहेर काढलेली स्टेप. कॅपॅसिटर बंद झाला की त्याच्यावरचे व्होल्टेज लगेच उतरत नाही. आयईसी ६०८३१ प्रमाणे डिस्चार्ज रेझिस्टरने ते तीन मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली आणले पाहिजे, आणि पुन्हा जोडताना दहा टक्क्यांहून जास्त व्होल्टेज शिल्लक नसावे. रिलेची वेळ घाईने कमी केली आणि उलट्या पोलॅरिटीवर स्टेप आत आली, तर दोन टोकांतला फरक ५८७ ऐवजी ११७४ व्होल्टपर्यंत जातो आणि धक्का दुप्पट होतो. रेझिस्टन्सच्या तारांनाही तो झेपेलच असे नाही. त्याहून गंभीर गोष्ट चिकटलेल्या पोलची. तीनपैकी एकच पोल चिकटला असेल तर करंटला परतीचा मार्ग नसतो. अँमीटर शून्य दाखवतो, रिलेवर स्टेप बंद दिसते, कॉइल सुटलेली असते, आणि तरी कॅपॅसिटरची टर्मिनले एका फेजला जोडलेली, जिवंत असतात. डिस्चार्जची वेळ कितीही पाळली तरी हा पुरवठा जात नाही. म्हणून दुरुस्तीच्या प्रत्येक प्रकरणात पहिली पायरी तीच ठेवली आहे: पॅनेलचा मुख्य आयसोलेटर काढा, वाट पाहा, तिन्ही टर्मिनले एकमेकांशी आणि अर्थशी मीटर लावून मोजा, शॉर्ट करून अर्थ करा, आणि मगच हात घाला.